डाव्या बाणाखालचा शिक्का

माझी आत्या कुठल्याही दुकानात शिरली की आधी भांडते आणि काय हवंय ते मग सांगते. त्या दिवशीही तसंच झालं. खेळांच्या दुकानातला चकचकीत बूट घातलेला विक्रेता हसत पुढे आला, "या काकू, नातवंडांसाठी बघताय का?" म्हणाला, आणि आत्याने हातातली काठी फरशीवर आपटली.

"नातवंडं कुठून आणू? लग्नच केलं नाही मी. ती पायाखाली घालून नाचायची चटई असते ना, ती माझ्यासाठी हवी आहे."

बूटवाल्याने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी लोक नेहमी माझ्याकडे बघतात, जणू मी आत्याची दुभाषी आहे. मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तिच्यात एक, दोन, पाच आणि दहा किलोची लोखंडी वजनं होती आणि माझा खांदा निखळायला आला होता, त्यामुळे त्या माणसाची कीव करायला मला सवड नव्हती.

आत्या वजनकाटे दुरुस्त करते. किराणा दुकानातले, रद्दीवाल्याचे, दवाखान्यात तान्ह्या बाळाला ठेवतात ते, आणि मालाने भरलेला अख्खा ट्रक ज्याच्यावर उभा राहतो तेसुद्धा. दुकान माझ्या आजोबांचं. त्यांना आत्या आणि बाबा ही दोन्ही भावंडं अप्पा म्हणायची. अप्पांनी दुकान मुलाला आणि मुलीला सारखं दिलं, पण काम खरं शिकली ती मुलगी. माझे बाबा तिच्याहून चार वर्षांनी लहान. ते बाकावर बसून छोटे काटे बघतात आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. बाहेरची, अंगमेहनतीची, शिव्या खायची आणि द्यायची कामं आत्याकडे. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच: खाली दुकान, दुकानामागे आत्याची खोली, वर मी आणि बाबा.

आत्याचा राग नाकावर असतो हे खरं, पण तो उगाच नसतो. मी दातांच्या दवाखान्यात फोन उचलायचं काम करते. एकदा दाढ दाखवायला ती तिथे आली आणि कोपऱ्यातल्या काट्यावर उभी राहून उतरली. दाढ राहिली बाजूला. आमच्या डॉक्टरीणबाई वर्षभर त्याच काट्यावर रोज उभ्या राहून खूश होत होत्या. त्यांना आत्या सगळ्या पेशंटांसमोर म्हणाली, "बाई, तुम्ही बारीक झालेल्या नाहीत. स्प्रिंग ताठ झालीय." बाई माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. आत्याचं म्हणणं एकच होतं, की खोटा काटा बघून गप्प बसणारा माणूस चोराहून वाईट.

काटा तपासायची तिची रीत अप्पांची आहे. एकच वजन घ्यायचं. आधी मधोमध ठेवायचं, मग चारही कोपऱ्यांवर एकेकदा. आकडा पाचही वेळा तोच आला पाहिजे. "मधोमध सगळेच खरं बोलतात," ती म्हणते, "खोटं कोपऱ्यात सापडतं." तपासून झालं की स्क्रूच्या डोक्यांतल्या भोकांतून तार ओवायची, तारेला शिशाचा मणी घालायचा आणि पकडीने दाबून त्यावर शिक्का उठवायचा. मग तार तोडल्याशिवाय काटा उघडता येत नाही. आमच्या दुकानात अशा दोन पकडी आहेत. आत्याच्या शिक्क्यात एक ठिपका उठतो, बाबांच्या शिक्क्यात दोन. एकाने दुसऱ्याच्या पकडीला हात लावायचा नाही, आणि ट्रकच्या काट्याला मात्र दोघांचेही शिक्के हवेत, असे अप्पांचे दोन नियम. अप्पा जाऊन वीस वर्षं झाली, पण ते नियम मोडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

ट्रकचा काटा म्हणजे जमिनीत पुरुषभर खोल खड्डा आणि त्यावर लोखंडी फलाट. तपासायचं तर खड्ड्यात उतरावं लागतं. आठ महिन्यांपूर्वी सिमेंटच्या गोदामात एका दुरुस्तीसाठी आत्या तशीच शिडीवरून उतरत होती. बाबा वर शिडी धरून होते. त्यांचा फोन वाजला. त्यांनी एक हात सोडला, शिडी घसरली, आणि आत्या डाव्या पायावर पडली. घोट्याची दोन हाडं मोडली. आत प्लेट बसली, सहा स्क्रू बसले.

आत्या बाबांना एक शब्दही बोलली नाही. "शिडीच्या तळाचं रबर झिजलं होतं, मीच बघायला हवं होतं," म्हणाली. तिचा सगळा राग तिने बाकीच्या जगासाठी राखून ठेवला: प्लास्टरवर, कुबड्यांवर, आणि सगळ्यात जास्त व्यायाम करून घेणाऱ्या बाईंवर. "दहा वेळा पाय वर, दहा वेळा खाली. मी काय हातपंप आहे?" बाई शांत स्वभावाच्या. त्या म्हणाल्या, "हाड जुळलंय. पण शिडीवर तुमचा पाय न बघता, वेळेवर आणि जागेवर पडला पाहिजे. ते दहा वेळा वरखाली करून येणार नाही. घरी तो बाणांवर नाचायचा खेळ आहे का कोणाकडे?"

होता. माझ्याकडेच होता. कॉलेजात असताना घेतलेला. पडद्यावर गाणं वाजतं, खालून बाण वर सरकत येतात, आणि बाण रेषेला टेकला की आपण पायाखालच्या चटईवरच्या त्याच बाणावर पाऊल टाकायचं. वेळेवर पडलं तर बरोबर, नाही तर चूक. आत्या माझ्या जुन्या घडीच्या चटईवर उभी राहिली आणि पहिल्याच गाण्यात तिने तिला लाथ घातली. चटई फरशीवरून सरकत होती, डावा बाण कधीच पायाखालून निघून गेला होता, आणि पडद्यावर चूक, चूक, चूक. "ही चटई नाही, ही लबाडी आहे," आत्या म्हणाली. "धड काटा आण."

म्हणून आम्ही त्या दुकानात उभ्या होतो.

बूटवाल्याने तीन नमुने काढले. पहिली माझ्यासारखीच घडीची चटई, पण फुलाफुलांची. दुसरी जाड, आत फोम भरलेली. तिसरा लोखंडी चौथरा, चार बाणांच्या चार कडक पट्ट्या आणि मागे धरायला दांडा. चौथरा फक्त दाखवायला ठेवलाय, तो सहसा कोणी नेत नाही, असं त्याने आधीच सांगून टाकलं.

"पडदा लाव," आत्या म्हणाली. "बाणाला कळलं की दिवा लागतो ना? लाव."

मग ती स्टूल ओढून बसली आणि मला हुकूम सुटू लागले. दोन किलो ठेव डाव्यावर. नाही लागला? आणखी दोन कुठून आणशील, पाचाचं ठेव. लागला. उजव्यावर दोन. लागला? म्हणजे उजव्याला दोन आणि डाव्याला पाच. बाणाच्या कडेला सरकव. विझला. पुढच्या बाणावर पाच. नाही. सात. नाही. दहा. लागला एकदाचा. दुकानात आलेली दोन-तीन माणसं आपलं सामान विसरून बघत उभी राहिली.

"काकू," बूटवाला म्हणाला, "खेळ आहे हो. सोनं थोडंच मोजायचंय?"

"सोनं मोजताना चूक झाली तर सोनं जातं," आत्या म्हणाली. "इथे माझा पाय मोजायचाय. पुढची काढ."

फोमवालीचे चारही बाण बऱ्यापैकी सारखे निघाले, पण वजन उचललं तरी दिवा विझायला वेळ लागायचा. फोम सावकाश वर येत होता. "ही तोंडावर गोड बोलणारी जात," म्हणून आत्याने ती बाजूला सारली. लोखंडी चौथऱ्यावर मात्र ती गप्प झाली. चारही बाण, मधोमध आणि कडेला, सात किलोच्या आतबाहेर. उचललं की लगेच विझतोय. ती खाली वाकायला गेली, घोट्यात कळ आली, तशी मला म्हणाली, "पट्टीखाली काय आहे बघ." मी आडवी पडून बघितलं. पट्टीखाली पुठ्ठ्याच्या पातळ चकत्या होत्या. चकत्या वाढवल्या की बाण हलक्या पावलालाही बोलतो, काढल्या की जोर लागतो.

"हा काटा आहे," आत्या म्हणाली. "बांधून द्या."

"काकू, तुम्ही काय करता हो?" बूटवाल्याने शेवटी विचारलंच.

"तुझ्यासारख्यांना त्रास," आत्या म्हणाली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा हसली.

चौथरा तिच्या खोलीत ठेवला. वर ठेवला असता तर धपधप होऊन खालच्या नाजूक काट्यांचे काटे थरथरले असते. त्याच संध्याकाळी तिने माझ्याकडून चकत्या कमीजास्त करून घेतल्या, चारही बाण बरोबर आठ किलोला बोलतील असे केले, भोकाच्या डोक्याचे स्क्रू बसवले आणि प्रत्येक पट्टीच्या तारेला आपला शिक्का मारला. मणी खालच्या अंगाला लोंबत होते. खेळण्याला शिक्का मारणारी बाई जगात दुसरी नसेल. मी हसले तर म्हणाली, "ज्याच्यावर माझा निकाल लागणार, ते खेळणं कसं?"

निकाल हा शब्द तिने मुद्दाम वापरला होता. सिमेंटच्या गोदामाच्या काट्याची वर्षाची तपासणी सहा आठवड्यांवर आली होती. बाबांचं मत पडलं होतं की खड्ड्याची कामं आता सोडून द्यावीत, दुसरा दुरुस्तीवाला बघावा. आत्याचं तर निम्मं आयुष्य त्या खड्ड्यांत गेलेलं. बाकावर बसून स्वयंपाकघरातले काटे बघण्यापेक्षा मी दुकानाला कुलूप लावेन, असं ती म्हणाली, आणि ती ते लावते हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. दोन दिवस दोघांनी एकमेकांकडे पाठ करून चहा प्यायला. शेवटी आत्यानेच अट घातली. तिने एक गाणं निवडलं होतं, मध्यम वेगाचं. त्यात डावे बाण बरोबर शंभर येतात, मी दोनदा मोजून दिले होते. "शंभरात नव्वद डावे बरोबर पडले, तर मी उतरणार. नाही पडले तर काम तू कोणालाही दे, मी तोंड उघडणार नाही." बाबा मान खाली घालून हो म्हणाले.

रोज संध्याकाळी मी दवाखान्यातून आले की वही घेऊन बसायची. डावा बाण चुकला की एक रेघ. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न बरोबर. आठव्या दिवशी चौऱ्याहत्तर. आत्या दांडा धरून, दात ओठ खात, पडद्याला शिव्या देत नाचायची. नाचायची म्हणजे काय, तुडवायची. पण बाराव्या दिवशी त्र्याऐंशी आले आणि तिने दांडा सोडून दोन्ही हात वर केले. तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं. बाबा दारात उभे होते. ते "वा, ताई," म्हणाले आणि वर निघून गेले.

चौदाव्या दिवशी एक्कावन्न.

पंधराव्या दिवशी एकोणपन्नास. उजवा, पुढचा, मागचा सगळे ठीक, आणि डावा मेल्यासारखा. आत्या जास्त जोर लावायला लागली. तीन दिवसांत घोटा सुजून मडक्याएवढा झाला. संध्याकाळी बाबा बर्फाची पिशवी घेऊन यायचे, स्वतः तिच्या पायाशी बसून धरायचे. मला वाटायचं, बघा, भाऊ असावा तर असा.

"आत्या, आपण चौथरा एकदा तपासायचा का?" मी विचारलं.

ती काठीच्या टोकाने चाचपत खाली वाकली, पट्टीच्या कडेखाली बोट घातलं. तार ताठ होती, मणी जागेवर होता. "शिक्का शाबूत आहे," ती म्हणाली. "माझा शिक्का आहे. काट्यात खोट नाही. पायच खोटा आहे." ते तिने इतक्या थंडपणे सांगितलं की तिने ओरडावं म्हणून मी देवाची विनवणी केली. आणि खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसला होता. वहीत रेघा मारून मारून मीच मनातल्या मनात तो पाय मोडीत काढला होता. एकदा तर मी तिला म्हणालेसुद्धा, "जाऊ दे ना आत्या, वयही झालंय." त्या वाक्याची मला आजही चीड येते.

तिसाव्या दिवशी सत्तेचाळीस. गाणं संपायच्या आधीच ती चौथऱ्यावरून उतरली. खाटेखालून खड्ड्यात उतरायचे जाड बूट काढले आणि माझ्यासमोर टाकले. "कोणाला होत असतील तर दे. आणि उद्या हे लोखंड माळ्यावर टाक. मला पुन्हा दिसता कामा नये." रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी दवाखान्यात जायच्या आधी मी चौथरा हलवायला गेले. वीस-बावीस किलोचं ते धूड, एकटीने उचलेना, म्हणून भिंतीला उभं केलं. तेव्हा त्याची खालची बाजू पहिल्यांदा उजेडात आली. चार पट्ट्या, चार तारा, चार मणी. पुढच्या मण्यावर एक ठिपका. मागच्यावर एक. उजव्यावर एक.

डाव्यावर दोन.

मी दोनदा पाहिलं. मग नख फिरवून पाहिलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी तो चौथरा माळ्यावर नेला नाही. फरशीवरून खरखरा ओढत, दाराच्या चौकटीवर आपटत, सरळ दुकानात आणला आणि मधोमध पालथा टाकला. बाबा बाकावर होते. समोर बेकरीवाला आपला काटा घेऊन उभा होता. आवाज ऐकून आत्या काठी टेकत मागून आली.

"आत्या, डावा मणी बघ," मी म्हणाले.

तिने भिंग मागितलं नाही. उभ्या उभ्या बघितलं. मग मान वर करून बाबांकडे बघितलं. बाबांच्या हातातला पेचकस बाकावर घरंगळला. बेकरीवाला शहाणा माणूस. "मी नंतर येतो," म्हणाला आणि काटा तिथेच ठेवून चालता झाला.

"पडदा आण," आत्या मला म्हणाली. "आणि वजनांची पेटी."

पुढचा काही वेळ दुकानात फक्त तिचा आवाज होता. चौथरा सरळ केला, पडद्याच्या वायरी जोडल्या. पुढच्या बाणावर आठ. लागला. उजव्यावर आठ. लागला. मागच्यावर आठ. लागला. प्रत्येक आकडा ती गिऱ्हाइकासमोर सांगतात तसा मोठ्याने सांगत होती, तपासणीतल्या नेहमीच्या सुरात, आणि नजर बाबांवरून हटवत नव्हती. डाव्यावर आठ. नाही. दहा. नाही. पंधरा. नाही. वीस. नाही. मी वीसवर आणखी दोन ठेवले तेव्हा दिवा लागला.

"बावीस," आत्या म्हणाली. "लिहून घे. डावा बावीस." मग तिचा आवाज फुटला. "सोळा दिवस! सोळा दिवस मी माझ्या पायाला शिव्या दिल्या रे! त्याला मारलं मी! घोटा सुजला तर त्यालाच म्हटलं, मर मेल्या, दगा दिलास. आणि तू बर्फ आणत होतास!"

बाबा उभे राहिले नाहीत. "ताई, तू पडलीस ना, तो आवाज," ते म्हणाले. "शिडी घसरली तो नाही. तुझ्या हाडाचा. रोज येतो कानात. त्र्याऐंशी झाले त्या दिवशी मला कळलं की तू नव्वद करणार. मग तू व्यायामाला गेलीस तेव्हा चकत्या काढल्या. मला तू पुन्हा खाली नको होतीस."

"मग तोंडाने सांगायचं! जाऊ नको म्हणायचं!"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतंच ऐकलं! भांडले असते, डोकं फोडलं असतं तुझं, आणि गेले असते. पण माझ्या पायानं गेले असते किंवा माझ्या पायानं थांबले असते. तू काटा बिघडवलास. अप्पांच्या दुकानात बसून. किराण्यावाल्याने हे केलं असतं तर तू त्याला काय म्हणाला असतास?"

बाबांनी बेकरीवाल्याचा काटा बाजूला सारला. मलाच राहवेना. मी विचारलं, "आणि बाबा, एवढं सगळं केलंत, तर शिक्का तिच्या पकडीने मारायचा होता ना. ती तिथेच खिळ्याला टांगलेली असते. कोणालाच कळलं नसतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी अचाट बोलले. "ताईच्या पकडीला हात कसा लावू?" ते म्हणाले.

ते ऐकून मला आणखी संताप आला. सख्ख्या बहिणीचा पाय खोटा ठरवायला हात धजला, पण खोटा शिक्का उठवायला नाही! आणि हा माणूस ते मनापासून म्हणत होता. आत्याने मात्र त्या उत्तरावर डोळे मिटून घेतले. मग तिने कात्रीने ती तार तोडली, दोन ठिपक्यांचा मणी बाबांच्या समोर बाकावर ठेवला आणि म्हणाली, "हा तुझा. जपून ठेव."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. म्हणजे कामापुरतंही नाही. "पेचकस कुठे आहे" हे मला विचारायची आणि मी बाबांना विचारून तिला सांगायची. ते दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना. आत्याने चकत्या परत घातल्या, चारही बाण आठावर आणले, आपला शिक्का मारला आणि या वेळी मणी वरच्या अंगाला ठेवला. सूज उतरेपर्यंत व्यायामाच्या बाईंनी तिला पाच दिवस गप्प बसवलं. सहाव्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. सातव्या दिवशी मी वही मिटली आणि पुन्हा उघडून रेघा मोजल्या. सात. म्हणजे त्र्याण्णव बरोबर. आत्याने हात वर केले नाहीत. खाटेखालचे बूट काढले, जे मी अर्थातच कोणाला दिले नव्हते, आणि त्यांना पॉलिश करत बसली.

गोदामात मीही गेले, रजा टाकून. मला त्या दोघांवर भरवसा नव्हता. खड्ड्याचं झाकण उघडलं. खाली अंधार आणि सिमेंटचा वास. शिडी नवी होती, तळाला नवं रबर होतं; बाबा आदल्या दिवशी गुपचूप घेऊन आले होते. आत्याने रबर बोटांनी दाबून पाहिलं, चारही कोपऱ्यांना. मग दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा ती बाबांशी बोलली.

"धर. दोन्ही हातांनी."

बाबांनी धरली. ती उलटी वळली आणि उतरायला लागली, उजवा पाय, डावा पाय, खाली न बघता. चौथ्या पायरीवर असताना बाबांच्या खिशातला फोन वाजला. वाजत राहिला. गोदामाचा मॅनेजर म्हणाला, "साहेब, फोन." बाबांची बोटं शिडीवर पांढरी पडली होती. फोन वाजून वाजून थांबला. खालून आत्याचा आवाज आला, "पोचले," आणि पाठोपाठ, नेहमीसारखा, ओरडून, "टॉर्च द्या की! का मी मांजर आहे?"

दोन तास ती खाली होती. वर ट्रक पुढे-मागे सरकवून, एकेका कोपऱ्यावर थांबवून आकडे घेतले. सगळं जुळलं. आत्या वर आली, धुळीने माखलेली, डावा पाय किंचित ओढत, आणि काट्याच्या पेटीच्या स्क्रूंतून तार ओवून तिने आपल्या पकडीने मणी दाबला. एक ठिपका. शेजारी दुसरी तार मोकळी लोंबत होती, बाबांची. बाबांनी खिशातून आपली पकड काढली आणि पुढे झाले.

आत्याने त्या तारेवर तळहात ठेवला.

मॅनेजर म्हणाला, "दरवर्षी दोन शिक्के असतात ना?"

"या वर्षी एकावर भागवा," आत्या त्याला म्हणाली. मग बाबांकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मला तो जास्त लागला. "तुझा पुढच्या वर्षी. तपासून."

बाबांनी मान हलवली. पकड खिशात घातली, शिडी वर ओढून घडी केली आणि ती खांद्यावर घेऊन आमच्या मागून चालत आले.